मागच्या आसावर विश्वास नाही

आमच्या साडूंचा विश्वास बसेल अशी वस्तू या पृथ्वीच्या पाठीवर अजून तयार व्हायची आहे. हे वाक्य मी त्यांच्यासमोर वाचून दाखवलं तर ते रागावणार नाहीत. चष्मा कपाळावर चढवतील आणि 'तर मग' अशा अर्थाच्या आपल्या जर्मन पालुपदाने सुरुवात करून शांतपणे विचारतील, "आल्झो, साडूभाऊ, तयार व्हायची आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?" माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जर्मनीत आम्ही रेगेन्सबर्गला, ते न्युरेम्बर्गला, मध्ये तासाभराचा आउटोबान, म्हणजे इथला महामार्ग. पण "तासाभरात पोचलो" असं मी त्यांच्या दारात म्हटलं की ते आधी घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मग चपला घालून खाली जात आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर किती तापलंय ते बघून येत. दुधाच्या डब्यावरची तारीख वाचल्यावर ते डबा हुंगत. डॉक्टरने औषध दिलं की दुसऱ्या डॉक्टरला विचारत, आणि त्या दुसऱ्याबद्दलचं मत घ्यायला पुन्हा पहिल्याकडे जात. टीव्हीवर उद्या लख्ख ऊन म्हणाले की हे छत्री काढून दाराशी उभी करून ठेवत. एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सोडत होती. चिठ्ठी काढणारं पोर पाच वर्षांचं होतं आणि त्याचे डोळे रुमालाने बांधले होते. साडूंनी भर सभेत उठून तो रुमाल स्वतःच्या डोळ्यांवर बांधून पाहिला. "थोडं दिसतं," असा निर्वाळा दिला आणि खाली बसले.

असल्या माणसाचं भारतात कसं निभावलं असतं कोण जाणे, पण जर्मनीत त्यांचं सोनं झालं. त्यांच्या कंपनीतलं काम असं, की तयार होऊन आलेला गिअरबॉक्स एका बंद खोलीत फिरवायचा आणि त्याचा आवाज ऐकून आत काय बिनसलंय ते सांगायचं. ज्या स्वभावापायी बाकीच्यांना घरात बोलणी खावी लागतात, त्याच स्वभावाचा यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. इथल्या कचेऱ्यांतून आम्ही बाकीचे सगळे कागदांच्या चळती सांभाळत रडकुंडीला यायचो. राहत्या पत्त्याची नोंद करायची तर घरमालकाची सही आणा, ती सही त्याचीच कशावरून ते सांगा. साडू मात्र तिथून प्रसन्न होऊन बाहेर पडत. "हा देश मला पहिल्या दिवशीच आवडला," ते मला एकदा म्हणाले. "इथे कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याबद्दल कोणाला वाईटही वाटत नाही." त्यांची मुलगी तेव्हा म्युनिकला शिकायला गेली होती. ती सुट्टीत घरी आली की वडिलांचं हे तत्त्वज्ञान दोन मिनिटं ऐकून घेई, "पापा, डू श्पिन्स्ट," म्हणजे बाबा तुमचं डोकं फिरलंय, असं मायेने सांगे आणि जेवायला बसे.

त्यांच्या पत्नी, आमच्या ताई, त्यांच्या अगदी उलट. त्या एका किंडरगार्टनमध्ये काम करत आणि हात धुतले असं सांगणाऱ्या प्रत्येक पोरावर विश्वास ठेवत. घराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे, दुसरी समोरच्यांकडे, तिसरी कुठे आहे ते ठाऊक नाही. "जाईल कुठे?" असं त्या म्हणत आणि गंमत म्हणजे काही जातही नसे. साडूंना हा आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा तांत्रिक दोष वाटे. इतकी वर्षं ही बाई सगळ्यांवर विश्वास ठेवते आणि हिला कोणी फसवत नाही, यामागे काहीतरी आहे, असं ते मला गंभीरपणे सांगत.

आता अशा माणसाने दोन हजार पाच-सहाच्या सुमारास एक जुनी अमेरिकन मसल कार विकत घेतली, हे ऐकून आमच्या साऱ्या गोतावळ्याने डोक्याला हात लावला. मसल कार म्हणजे लांबच लांब बॉनेट, दोनच दारं, पेट्रोल गटागटा पिणारं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर. चालू केली की समोरच्या इमारतीतल्या आजीबाई खिडकी लावून घेत. न्युरेम्बर्गच्या आसपास अमेरिकन सैन्याच्या छावण्या आहेत. तिथला एक सैनिक मायदेशी परतताना ही गाडी विकत होता. साडूंनी त्याला अख्खा दिवस उभा केला. खिशातून लोहचुंबक काढून गाडीच्या अंगावर इंच इंच फिरवला, कारण जिथे पत्रा गंजून नंतर लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही. चुंबक सगळीकडे चिकटला. त्यावर त्यांनी चुंबक बदलून पाहिला. तेव्हापासून तो चुंबक त्यांच्या खिशात असतो आणि माझ्या गाडीला तो दोन ठिकाणी चिकटत नाही, हे ते मला दर भेटीत ऐकवतात.

"पण हीच गाडी का?" मी विचारलं होतं.

"साडूभाऊ, हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडून बघा. काय दिसतं? प्लास्टिकचं झाकण. झाकण माणूस कधी घालतो? लपवायचं असतं तेव्हा. ही गाडी उघडा, जे आहे ते समोर आहे. लोखंड आहे, तेल आहे. बस."

म्हणजे एका अर्थाने साडू आयुष्यात प्रथमच कशाच्या तरी प्रेमात पडले होते, आणि ती वस्तू प्रामाणिक आहे म्हणून पडले होते. मूळ इंजिन मात्र दमलेलं होतं. ते बदलायचं ठरल्यावर त्यांनी अमेरिकेतले कॅटलॉग मागवले. अमेरिकन लोक हॉर्सपॉवर फुगवून सांगतात अशी त्यांची खात्री होती. छापलेल्या आकड्यातला निम्मा खोटा धरायचा, असा हिशोब करून त्यांनी हवं होतं त्याच्या दुप्पट ताकदीचं इंजिन मागवलं. दुर्दैवाने तो कॅटलॉग खरं बोलत होता. इंजिन बसवून पहिल्यांदा मोजणी केली तेव्हा आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोजणीचं यंत्र तपासायला लावलं. तेही बरोबर होतं.

आणि इथूनच सगळं रामायण सुरू झालं. इंजिन नवं आणि राक्षसी, पण मागचा आस, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, जुनाच. त्या आसाच्या पोटात मधोमध एक दातेरी चाकांचा डबा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून आलेली ताकद तो दोन्ही चाकांना वाटून देतो, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी, त्याचीही सोय बघतो. जुन्या इंजिनाच्या ताकदीला पुरेल एवढाच तो होता. साडूंना हे कळत नव्हतं असं नाही, हे तर त्यांचं रोजचं काम. पण कॅटलॉग खरा निघाला या धक्क्यातून ते सावरले नव्हते. शिवाय गणपती आले होते आणि ताईंनी मंडळाच्या गणपतीला याच गाडीतून जायचं म्हणून ठरवलं होतं. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, पैठणी सावरत मोदकांचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. मी आणि बायको मागून आमच्या गाडीत. लिंबं चिरडली, गाडी दिमाखात निघाली. चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर साडूंनी जरा हौसेने पाय दाबला आणि कडाड् असा आवाज झाला. इंजिन गर्जत राहिलं, गाडी जागच्या जागी. ती जागा नेमकी ट्रामच्या रुळांवर.

समोरून ट्राम येत होती. ती काही फार वेगात नव्हती, आणि तिच्या चालकाने बऱ्याच अंतरावर ती थांबवली आणि घंटा बडवायला सुरुवात केली. ताई दार उघडून उतरल्या, मोदकांचा डबा ट्रामच्या चालकाच्या हातात दिला, पदर खोचला आणि आमच्याबरोबर गाडी ढकलायला लागल्या. गाडी कडेला लागल्यावर त्यांनी चालकाला दोन मोदक दिले आणि खो खो हसत सुटल्या. हा प्रसंग त्या मंडळात वर्षभर रंगवून सांगत होत्या. साडू मात्र हसले नाहीत. त्या संध्याकाळी आरतीच्या वेळीही ते खांबाला टेकून उभे होते, आणि मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "ती आत बसली होती हो."  त्यांचे हात अजून काळेच होते.

त्यानंतर त्यांनी ताईंना त्या गाडीत बसू दिलं नाही. गाडीला आता त्या इंजिनाला पुरून उरेल असा मागचा आस हवा, त्यावर स्वतःचा विश्वास बसायला हवा, मगच. आणि विश्वास तर यांचा दुधाच्या डब्यावरही बसत नाही. ताईंनी हट्ट असा केला नाही. वसंतात तिकडच्या डोंगराळ भागात चेरीच्या बागा फुलतात, मैलच्या मैल पांढऱ्या होतात, ते बघायला जाऊ या, एवढंच त्या म्हणत. "ट्रेनने जाऊ," साडू म्हणत. "माझ्या गाडीने नेतो," मी म्हणे. ताई मान हलवत. "नको भाऊजी. यांचा सगळा शनिवार-रविवार त्या गाडीखाली जातो. मुलगी म्युनिकला गेली, घरात मी एकटी असते. मला ती गाडी आवडते असं नाही, मला काय कळतंय त्यातलं? पण हे जिथे असतात तिथे एकदा जाऊन बसावंसं वाटतं." हे त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या आणि लगेच मीठ कुठे ठेवलंय ते शोधायला लागल्या. एक वसंत असाच गेला.

साडूंचा शोध चालू होता. इंटरनेटवर मसल कारवाल्यांच्या चर्चा चालत, तिथे जगभरातले लोक टोपणनावांनी सल्ले देत. साडू ते सगळे वाचत आणि एकावरही विश्वास ठेवत नसत. "ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तो मला दात मोजायला शिकवणार?" असं म्हणून पुढचा सल्ला वाचत. एकाने सांगितलं, डिफरन्शियल काढूनच टाका, दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट जोडा, तुटायला काही उरणारच नाही. हा उपाय त्यांना तत्त्व म्हणून पटला होता, पण मग गाडी वळणार कशी हा प्रश्न राहिला. एकाने ट्रकचा आस सुचवला. साडूंनी खरंच भंगारवाल्याकडे जाऊन तो आस पाहिला, चुंबक लावला आणि परत आले. अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे मोठ्या दातेरी चाकाचा, जाड कवचाचा अख्खा आस होता. साडूंनी त्याला लिहिलं, की त्या आसाशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून फोटो पाठवा. अपहरण झालेल्या माणसाचा पाठवतात तसा. त्या भल्या माणसाने पाठवला. साडूंनी तो फोटो माझ्याकडून मोठा करून घेतला आणि भिंग लावून पाहिला. "वर्तमानपत्र आजचं आहे," ते म्हणाले, "पण आस आजचा आहे कशावरून?" तो सौदा तिथेच बारगळला. त्या अमेरिकन माणसाने नंतर त्यांना नाताळचं शुभेच्छापत्र पाठवलं, त्याचा हेतू काय असावा याचा विचार साडू जानेवारीपर्यंत करत होते.

शेवटी फ्रँकन भागातल्या एका खेड्यात एक म्हातारा सापडला. तरुणपणी त्याने छावणीत अमेरिकनांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या आणि आता स्वतःची कार्यशाळा थाटून फक्त मागचे आस बांधून देत असे. साक्षीदार म्हणून साडूंनी मला बरोबर नेलं. म्हातारा फार कमी बोले. साडूंनी इंजिनाची ताकद सांगितली, गाडीचं वजन सांगितलं, टायरची रुंदी सांगितली, ट्रामचा प्रसंग सांगितला. म्हाताऱ्याने एक आस दाखवला. मोठं दातेरी चाक, जाड शाफ्ट, आणि आत चकत्यांचा एक जुडगा, म्हणजे एक चाक घसरायला लागलं की चकत्या एकमेकींवर दाबल्या जाऊन दोन्ही चाकांना जोर मिळतो, तरीही वळण घेता येतं.

"हा किती सहन करेल?" साडूंनी विचारलं.

"पास्ट शोन," म्हातारा म्हणाला.

त्या भागात हे शब्द म्हणजे स्तुतीचा कळस. तिथला माणूस बायकोच्या हातच्या सर्वांत आवडत्या जेवणालाही याहून जास्त काही म्हणत नाही. पण शब्दशः त्याचा अर्थ 'जमेल, चालेल' एवढाच. साडूंच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "चालेल म्हणतोय! मी त्याला बायकोचा जीव विचारतोय आणि तो चालेल म्हणतोय. मला आकडा पाहिजे." मी त्यांना समजावलं, पुन्हा आत नेलं. साडूंनी आकडा मागितला. म्हाताऱ्याने खांदे उडवले, आसाच्या कवचावर थाप मारली आणि पुन्हा म्हणाला, "पास्ट शोन." असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी म्हातारा म्हणाला, आस विकायचाच नाही. तेव्हा कुठे साडूंनी तो घेतला. जी वस्तू विकणाऱ्याला विकायची नाही ती चांगली असण्याची शक्यता आहे, असं त्यांनी मला वाटेत सांगितलं. म्हाताऱ्याने ही नस आधीच ओळखली असेल, असा संशय मला आजही आहे. आसाबरोबर त्याने एक छोटी बाटली दिली, तेलात मिसळायला म्हणून, फुकट.

आस बसला. वाहनतपासणीच्या इंजिनिअरने सगळं पाहून कागदांवर नोंद केली तेव्हा साडूंनी त्यालाच विचारलं, "तुम्ही नीट पाहिलंत ना?" आता वजन ठेवून चाचणी. शेजारच्या सीटवर ताईंच्या वजनाइतका भार हवा होता. ताईंनी आपलं वजन सांगितलं, त्यावर साडू नुसते हसले, आणि दोन दिवस त्यांना साधी पोळीभाजी मिळाली. मग वजनकाटा आला. काटा बरोबर आहे का हे बघायला भारतीय दुकानातून बासमतीची पोती आली. पोत्यावर छापलेलं वजन बरोबर आहे कशावरून, म्हणून ती पुन्हा दुसऱ्या काट्यावर ठेवली गेली. शेवटी कधीतरी ती पोती सीटबेल्ट लावून ताईंच्या जागी बसली आणि साडू त्यांना घेऊन हिंडायला लागले. ताई खिडकीतून बघत. "बघा भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "तांदूळ फिरून आले. मी अजून इथेच." त्या हसल्या खऱ्या, पण पडदा ओढून घेतला.

आणि मग तो आवाज यायला लागला. सरळ रस्त्याला काही नाही, पण सावकाश वळलं की मागून गुरगुर, मध्येच थरथर, जणू पोटात दुखतंय. रविवारी एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाचं रिकामं पार्किंग गाठून साडू गोल गोल फिरत. त्यांनी मला मागच्या सीटवर आडवं निजवून कान खाली लावायला सांगितलं. पुढे तांदूळ, मागे मी. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबली. "आज रविवार आहे," ती म्हणाली, कारण इथे रविवारी आवाज करत नाहीत. साडूंनी काच खाली करून तिला विचारलं, "तुम्हालाही ऐकू येतोय ना?" ती बाई कुत्र्याला ओढत निघून गेली. साडू हर्षाने म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! तटस्थ साक्षीदार."

आता संशयाला उधाण आलं. म्हाताऱ्याने जुन्या चकत्या घातल्या. नाही, दात चुकीचे कापले. नाही, हा आसच दुसऱ्या कोणाचा. ज्या माणसाला आवाज ऐकून दोष सांगण्याचा पगार मिळतो, त्याला स्वतःच्या गाडीचा आवाज ओळखता येईना, कारण ऐकण्याआधीच त्याने निकाल ठरवला होता. आस परत करायचा, गाडी विकून टाकायची, इथपर्यंत पाळी आली. ताईंनी एव्हाना चेरीचं नाव काढणं सोडलं होतं. मी फोनवर म्हटलं, "ताई, यंदा जमेल बहुतेक," तर म्हणाल्या, "राहू द्या हो. उगीच त्यांच्या जिवाला घोर." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मलाच जास्त वाईट वाटलं.

मी एकदा सहज विचारलं, "ती बाटली घातलीत ना तेलात?"

"कोणती?"

"म्हाताऱ्याने दिलेली."

साडूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "साडूभाऊ, आपल्या आसात कोणीतरी फुकट दिलेलं काहीतरी ओतायचं? मी ती प्रयोगशाळेत दिलीय. आत काय आहे ते आधी कळू दे."

खरंच दिली होती. त्यांच्या कंपनीत तेलं तपासणारी एक सहकारी बाई होती, तिला त्यांनी गळ घातली होती. तिने आपल्या सवडीने ती तपासली, आणि एक दिवस कँटीनमध्ये ताट घेऊन समोर बसता बसता सांगितलं, की बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे. चकत्यांच्या डिफरन्शियलमध्ये घालायचं असतं ते, नाहीतर वळताना चकत्या एकमेकींना धरून ठेवतात आणि गुरगुरतात. "तुमच्याकडे तसलं डिफरन्शियल आहे का?" असं तिने निरागसपणे विचारलं. साडूंनी सूप तसंच ठेवलं. बाटलीतलं निम्मं तपासणीत खर्च झालं होतं, उरलेलं घेऊन ते घरी आले, तेलात ओतलं, पार्किंगमध्ये जाऊन इंग्रजी आठाचे आकडे काढत राहिले. गुरगुर थांबली. मला फोन आला तेव्हा मी अभिनंदन करायला गेलो, तर पलीकडे शोककळा. "लेबलवर लिहिलं होतं तेच निघालं हो," ते म्हणाले. "आल्झो, एवढं सरळ असतं का कधी?"

मग कारणं संपली. एप्रिलमधल्या एका रविवारी ते ताईंना घेऊन चेरीच्या बागांकडे निघाले. मी मुद्दाम गेलो नाही. संध्याकाळी साडूंचा फोन आला आणि प्रथमच त्यांच्या बोलण्यात कुठे प्रश्नचिन्ह नव्हतं. गाडी मस्त चालली, चढावर, वळणावर, कुठे हूं की चूं नाही. "आणि साडूभाऊ, ही झोपली. निघाल्यावर थोड्या वेळात मान टेकून झोपली. त्या इंजिनाच्या आवाजात! मी गाडी थांबवलीच नाही मग. बागा आल्या, गेल्या, दोन्ही बाजूंनी नुसतं पांढरं. मी आपला चालवत राहिलो. मागे दात आहेत, चकत्या आहेत, काही काही मनात आलं नाही." मग म्हणाले, "माझ्या गाडीत कोणी झोपेल असं मला वाटलं नव्हतं." एवढा हळवा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. साडू खाली गॅरेजमध्ये होते. मी स्वयंपाकघरात ताईंना चिडवलं, "काय ताई, एवढी वाट पाहिलीत आणि बागा आल्या तर झोपलात!"

ताईंनी दाराकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाल्या, "झोपते कसली भाऊजी, त्या आवाजात मेलेला माणूस उठेल. यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच मुळी, सगळं माझ्याकडे. भीती वाटत्येय का, आवाज येतोय का, थांबू का. कपाळावर घाम. समोरून ट्रॅक्टर येतोय आणि हे माझ्या तोंडाकडे बघतायत. शेवटी मी डोळे मिटले. तेव्हा कुठे सुटकेचा श्वास सोडला आणि नीट चालवायला लागले. मग कसे उघडू?" पोळी उलटत त्या म्हणाल्या, "वास येत होता फुलांचा. येताना एकदा पापण्या किलकिल्या करून पाहिलं थोडंसं. छान होतं."

मी खाली गेलो. साडू कापडाला हात पुसत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी ते विचारलंच. "तुम्हाला काय वाटतं साडूभाऊ? ती खरंच झोपली होती ना? मला जरा संशय आहे."

इतक्या वर्षांत त्यांचा एक संशय खरा निघाला होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "गाढ झोपल्या होत्या. आत्ताच म्हणाल्या मला, इतकी शांत झोप कधी लागली नव्हती."

आता 'कशावरून?' म्हणतील, म्हणून मी तयारीत उभा राहिलो. पण ते काही म्हणाले नाहीत. गाडीच्या मागच्या काचेवरचा एक डाग पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी झाडं आली की उठवीन मग तिला. बघायची राहिली बिचारीची."

परत येताना आउटोबानवर अंधारून आलं होतं. पुढे जाणाऱ्या ट्रकवर मी लक्ष ठेवून होतो. तो मागे पडल्यावर मी बायकोकडे पाहिलं. तिने मान सीटला टेकली होती आणि डोळे मिटले होते. इतकी वर्षं मी गाडी चालवतो आणि इतकी वर्षं ती अशीच झोपते. मी पुन्हा समोर पाहिलं, वेग थोडा कमी केला, आणि तिला काही विचारलं नाही.